माझी हाक काकांनी मारली

मृणाल, जवळ ये गं जरा. तू तिकडे हर्नडनला आणि मी इथे मिनेसोटात, ईडन प्रेरीत, तेव्हा जवळ ये म्हणजे हे पान तरी नीट हातात घेऊन बस. एक डोळा कुकरवर आणि एक यावर, असं वाचू नकोस. आणि आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. तुझ्या बाबांच्या तेराव्याच्या जेवणाला तू सगळ्यांपुढे ती गोष्ट सांगितलीस, 'आमचे बाबा म्हणजे बंदुकीच्या पुढे चालत गेलेला अख्ख्या मिनेसोटातला एकमेव माणूस!' लोक डोळे पुसता पुसता हसले, मीही हसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाइटने तू निघूनसुद्धा गेलीस. असं निघतात का? माझ्याकडे चहाला थांबली असतीस, तर मी तेव्हाच बोलले असते. कदाचित नसतेही. पण तुझ्या घरात चाळीस वर्षं चाललेली ती गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे, आणि ती न सांगता मी तुझ्या बाबांना, माझ्या वसंतकाकांना, जाऊ दिलं.

मी तेव्हा सतराची होते आणि आम्ही शिकारीच्या एका रानात राहत होतो. रान म्हणजे वाघाबिघाचं नव्हे. इथून पश्चिमेला दोन तास गेलं की सपाट शेती लागते, मधेमधे तळी, वारा असा की कपडे वाळत घातले तर शेजारच्या गावात सापडतील. तिथे डेल नावाच्या एका उंच, लालबुंद माणसाची मोठी जमीन होती. त्या जमिनीवर तो शहरातल्या लोकांना फेझंटच्या शिकारीला बोलवायचा. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा सावत्र भाऊ समज: मान हिरवी-निळी, गळ्यात पांढरं कडं, शेपूट हातभर. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब आपले पाहुणे घेऊन यायचे, लाकडी लॉजमध्ये उतरायचे, सकाळी केशरी जॅकेटं घालून रानात जायचे आणि संध्याकाळी शेकोटीपाशी बसून आपण किती मोठे शिकारी आहोत ते एकमेकांना सांगायचे. त्यांना जे कुणी सांगत नसे ते हे, की सकाळी त्यांनी पाडलेला प्रत्येक पक्षी आमच्या बाबांनी अंड्यातून बाहेर आल्यापासून दाणा घालून वाढवलेला असायचा.

आमचे बाबा नागपूरजवळच्या सरकारी कोंबडी केंद्रात होते. पक्ष्यांच्या रोगांचा कुठलासा कोर्स करायला ते इथल्या विद्यापीठात आले, आणि तो संपत आला तेव्हा डेलची पिल्लं पटापट मरायला लागली होती. बाबा गेले, शेडमध्ये उकिडवे बसले, जमिनीवरचा भुसा मुठीत घेऊन दाबला, वास घेतला आणि म्हणाले, ओल आहे. एवढंच. डेलने त्यांना ठेवूनच घेतलं. मग आई आणि मी आलो. आमचे कागद, इथे राहायची परवानगी, सगळं डेलच्या सहीवर होतं, ते मला तेव्हाही कळत होतं, कारण पोस्टातून लांब पाकीट आलं की आई हात धुऊन मगच ते उघडायची.

लॉजच्या मागे, पक्ष्यांच्या शेडजवळ, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे शांतता अशी कधी नसेच. वसंत ऋतूत हजार पिल्लांची चिवचिव, उन्हाळ्यात पंख्यांची घरघर, आणि शरद लागला की जाळीच्या लांब पिंजऱ्यांतून मोठे झालेले पक्षी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचे, दिवसभर, जाळीला छाती घासत. त्यांना उडायची ओढ लागलेली असायची. मलाही तेच व्हायचं. पुस्तक घेऊन बसले की पाय हलायचे, भांडी घासताना खिडकीतून रस्त्याकडे बघायचे. शाळेत मी 'ती पक्ष्यांकडची मुलगी'. घरी आल्यावर नागपूरच्या मैत्रिणींना पत्रं लिहायची तर काय लिहिणार? माझं मराठी शाळेतलं आठवीपर्यंतचं. पुढचं मी आईला येणारी पत्रं आणि दिवाळी अंक वाचून वाचून शिकले, म्हणून तर हे असं बोलल्यासारखं लिहिते. व्याकरण तू बघू नकोस.

सकाळी शेडमध्ये जायच्या आधी आम्ही तिघं फळीवरच्या बुद्धाच्या मूर्तीपुढे उभं राहून वंदना म्हणायचो. पंचशील मात्र आमच्याकडे वाटून होतं: पहिली तीन शीलं बाबा म्हणायचे, चौथं मी, पाचवं आई. हे असं का, तर लहानपणी शेजारणीचं बोरकूट खाऊन 'मी नाही खाल्लं' म्हणाले होते, तेव्हा बाबांनी खोटं न बोलण्याचं शील कायमचं माझ्या गळ्यात घातलं. पहिलं शील, जीवहिंसेपासून दूर राहण्याचं, बाबा न अडखळता म्हणायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, आपण हे पक्षी वाढवतो ते मारायलाच ना?" बाबा बूट चढवत होते. "मी जगवतो," म्हणाले. "पुढचं डेलच्या पाहुण्यांचं आहे." मग दुसरा बूट हातात धरून त्यातला भुसा झटकला. आणि म्हणाले, "आईला मात्र हे विचारू नकोस. तिला दिवसाला पन्नास सोलायचे असतात."

आई मारलेले पक्षी साफ करायच्या खोलीत काम करायची. घरी आणलेला पक्षी ती आपल्या मसाल्यात, खोबरं आणि खसखस काळी होईपर्यंत भाजून असा करायची की डेलचे गाइड, हे धिप्पाड लोक, नाक पुसत पुसत उभ्याउभ्या पातेलं संपवायचे. पण तिचा जीव अडकला होता ज्वारीत. हो, ज्वारी! डेल दरवर्षी ज्वारीचे लांब पट्टे पेरायचा. ठेंगणी, तांबड्या कणसांची. खायला नव्हे हं, पक्ष्यांना लपायला. आईने पहिल्यांदा ते शेत पाहिलं तेव्हा ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "लपायला?" म्हणाली. "ज्वारी, लपायला?" मग ओच्यात कणसं भरून आणून ती कॉफी दळायच्या यंत्रात दळायची. भाकरी विटकरी रंगाची व्हायची, थोडी कडवट, थापताना कडा फाटायच्या. बाबा म्हणायचे, "छान झालीये." आई म्हणायची, "खोटं बोलू नका, ते शील पोरीकडे आहे."

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पक्षी रानात नुसता सोडला तर तो पळतो किंवा उडून शेजारच्या तालुक्यात जातो. म्हणून पाहुणे नाश्ता करत असताना मी तीनचाकी गाडीवर पक्ष्यांचे खोके घेऊन निघायचे. एकेक पक्षी काढायचा, त्याचं डोकं त्याच्याच पंखाखाली घालायचं, दोन्ही हातांत धरून हळूहळू गोल झुलवायचं, बाळाला झोका द्यावा तसं. थोड्या वेळाने तो जड होतो. मग त्याच पंखावर त्याला गवतात आडवा ठेवायचा आणि पाऊल न वाजवता मागे यायचं. तो तिथे गुंगीत पडून राहतो. मग पाहुणे येतात, कुत्रा वास काढत येऊन त्याच्यापुढे पुतळ्यासारखा उभा राहतो, गाइड गवताला लाथ मारतो, पक्षी दचकून उठतो आणि भर्रकन वर. मग धडाम. मला हे झुलवणं फार छान जमायचं. माझ्या हातात पक्षी लवकर शांत व्हायचा. मी स्वतः कुठे शांत होत होते, पण पक्षी व्हायचा. त्या हातांची आठवण आजही नको वाटते, आणि तेच हात पुढे माझी दोन्ही मुलं झोपवायला कामी आले, हेही खरं.

पण मला ते झोपवणं नको होतं, मला गाइड व्हायचं होतं. कुत्रा माझा, शिट्टी माझी, आणि साहेब लोक माझ्या शब्दावर चालणार! कारण रानात गाइडचा शब्द म्हणजे शब्द. सगळ्या बंदुकवाल्यांनी एका ओळीत चालायचं, कुणी एक पाऊल पुढे नाही. पक्ष्याखाली आकाश दिसलं तरच गोळी झाडायची, खाली उडणाऱ्यावर नाही. आणि कुणी ओळ मोडली तर गाइडने पोटातून ओरडायचं, मग तो बँकेचा मालक असो की गव्हर्नर. मुलगी गाइड, असं तिथे कुणी ऐकलंही नव्हतं. मी दोन वर्षं डेलच्या मागे लागले होते. त्या शनिवारी रॉजर नावाच्या गाइडची पाठ धरली आणि डेलकडे दुसरा माणूस उरला नाही. त्याने मला शिट्टी दिली आणि बाबांच्या देखत बजावलं, "गेल्या हंगामात एकाला छर्रे लागले. इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलंय, गाइडच्या चुकीने आणखी एक अपघात झाला तर कव्हर बंद. कव्हर बंद म्हणजे हे सगळं बंद." हे सगळं म्हणताना त्याचा हात शेडवरून आमच्या घरापर्यंत फिरला. बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

त्या दिवशीच्या गटात वसंतकाका होते. अर्थात तेव्हा ते आमचे कुणी नव्हते. लॉजची स्वयंपाकीण डोना आमच्याकडे आली आणि आईला म्हणाली, "तुमच्यातला एकजण आलाय. काही खात नाही, नुसता टोस्टकडे बघतो." आईने हात पुसले आणि त्यांना थेट आमच्या घरी बोलावून आणलं. नवं कोरं केशरी जॅकेट, खिशाला अजून लेबल लोंबतंय. पोह्यांची बशी बघून त्यांचा चेहरा जो उजळला! आईने वर हरभऱ्याची तर्री घातली तर म्हणाले, "अरे बापरे, नागपूर!"

"आणि तुम्ही पुणं," आई म्हणाली. "साखर हवी असेल पोह्यांत तर डबा तिकडे आहे."

"नको नको, आज शूर व्हायचंय," काका म्हणाले. मग त्यांनी आमचं आडनाव विचारलं. बाबांनी सरळ त्यांच्याकडे बघत सांगितलं. आईचा डाव तर्रीच्या पातेल्यावर थांबला. काकांनी लिंबू पिळलं, चमच्याने तर्री कालवली आणि बशी पुढे केली. "वहिनी, अजून थोडी वाढता?" आईने वाढली, आणि तेव्हापासून ते आमचे काका.

खाता खाता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या कंपनीतली मोठी जागा रिकामी झाली होती आणि ती कुणाला द्यायची हे लिंडर नावाचे साहेब ठरवणार होते. त्या साहेबांना शिकारीचं वेड. ज्याला बरोबर नेतील त्याचं नशीब उघडलं, असं ऑफिसात म्हणत. "आठ वर्षं झाली, साहेबांनी पहिल्यांदा बोलावलं. आता जन्मात मुंगी मारली नाही, पण नाही कसं म्हणणार? गॅरेजमध्ये झाडूने प्रॅक्टिस केली. मृणाल तीन वर्षांची आहे, ती 'ठो' करते आणि मी वळतो!" हो गं, तूच ती. ते हसत होते आणि तोंडाशी नेलेला चमचा परत बशीत ठेवत होते.

रानात सहाजण ओळीत उभे राहिले. माझ्या पुढे पेनी, तांबूस रंगाची कुत्री, शेपूट हवेत. सगळ्यांत उजवीकडे लिंडर साहेब, मग बाकीचे, आणि डाव्या टोकाला काका, म्हणून मी त्यांच्याजवळ चालत होते. पहिल्या तासात सगळ्यांचे पक्षी पडले. काकांच्या पुढून दोन उठले आणि दोन्ही वेळा काकांची बंदूक खांद्यापर्यंत पोहोचायच्या आत पक्षी आणि दुसऱ्याची गोळी दोन्ही गेलेले. ऑफिसात ते 'व्हॅस' होते; कुणीतरी ओरडलं, "व्हॅस, पक्षी वर असतो, वर!" सगळे हसले. साहेब हसले नाहीत, घड्याळ बघितलं. ते वाईट होतं.

ज्वारीचा पट्टा लागला तसे काका जरा मागे रेंगाळले. कणीस ओरबाडलं, दाणे तोंडात टाकले. "काय गं, उजू नाव ना तुझं? इथे हुरडा करता का?"

"डेलला कळलं तर तो आम्हालाच भाजेल, काका."

ते हसले आणि मग, समोरच बघत, अगदी हळू म्हणाले, "एक तरी माझ्या हातून पडू दे गं. साहेब बघतायत. कुठे असतात हे पक्षी, काही अंदाज?"

आता बघ, पाहुण्यांना पक्षी कुठे ठेवलेत हे सांगायचं नाही, हा तिथला पहिला नियम. सगळा खेळच त्यावर. पण मराठीत विचारलं होतं गं. त्या उघड्या माळावर, वाऱ्यात, दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं. आणि मला काय वाटलं माहितीये? ऐट. आपल्या माणसाला आपण काहीतरी देऊ शकतो, याची ऐट. मी पेनीला हाक मारल्यासारखं करत म्हणाले, "पट्टा संपतो तिथे तांबडं झुडूप आहे ना, त्याच्या उजव्या अंगाला आहे एक. मीच ठेवलाय."

काकांनी मान हलवली आणि ते चालायला लागले. आधी ओळीतच, मग जरा भरभर, मग वाकून पुढे. एक पाऊल, दोन, पाच. बाकीचे सरळ येत होते, पट्ट्याच्या कणसांआडून त्यांना काका नीट दिसत नव्हते. मला दिसत होते. शिट्टी माझ्या गळ्यात होती. मला पोटातून ओरडायचं होतं. त्या सकाळीच मी एका म्हाताऱ्या वकिलाला 'स्टॉप!' म्हणून असं दरडावलं होतं की तो जागीच थिजला. आणि इथे माझ्या तोंडून शब्द निघेना. आमच्या स्वयंपाकघरात मांडी घालून पोहे खाल्लेला, मला 'काय गं' म्हणणारा मोठा माणूस. त्याच्या साहेबापुढे, हसणाऱ्या लोकांपुढे, मी सतरा वर्षांच्या पोरीने त्याच्यावर खेकसायचं? काकांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि भुवयांनी विचारलं, हेच ना झुडूप? मी मान हलवली. मी चक्क मान हलवली, मृणाल. मनात म्हटलं, मिळू दे त्यांना तो, मग मागे बोलावते. जवळ जाऊन हळूच सांगते.

पक्षी नीट झोपला नव्हता. पोह्यांच्या गप्पांत उशीर झाला होता, घाईत ठेवलेला. काका अजून झुडपापर्यंत पोहोचले नव्हते तोच तो सुटला, वर नव्हे, जमिनीलगत, कणसांना पंख घासत, काकांच्या पुढून डावीकडे. लिंडर साहेबांची बंदूक त्याच्याबरोबर वळत आली. मी शिट्टीकडे हात नेला. धडाम झालं. काका मटकन खाली बसले. पडले नाहीत, बसले, पंगतीला बसावं तसे, आणि हात कानाला लावून बघितला. लाल होता.

नशिबाने अंतर होतं आणि जॅकेट जाड. उजव्या दंडात सहा-सात छर्रे, कानाची पाळी फाटली. बाबांच्या पिकअपमधून आम्ही त्यांना गावातल्या दवाखान्यात नेलं. वाटेत काका एकच विचारत होते, "साहेब चिडलेत का गं?" नर्सने चिमट्याने छर्रे काढून ट्रेमध्ये टाकले, एकेकाचा टिंग टिंग असा आवाज. मी दारात उभी होते, पण उभं राहवत नव्हतं. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे, आमच्या जाळीतल्या पक्ष्यांसारखी. तेवढ्यात शिकारीवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी आला, हातात फळी आणि फॉर्म. त्या छोट्या खोलीत मग आम्ही सगळे: डेल, बाबा, लिंडर साहेब, मी, आणि कॉटवर कानाला पांढरी पट्टी गुंडाळलेले काका.

साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते वाईट नव्हते हं, घाबरले होते. म्हणाले, "तो ओळीपुढे गेला. मला दिसला नाही. आणि मुलीने काही हाक मारली नाही. ती त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होती, पण हाक मी ऐकली नाही."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. डेलने आपल्या बुटांकडे. बाबांनी टोपी दोन्ही हातांत धरली होती, काठ चुरगळत. मला तो फॉर्म दिसत होता. त्यावर एक ओळ लिहिली जाणार होती, गाइडची चूक, आणि त्या ओळीच्या खाली आमचं घर, शेड, ती लांब पाकिटं, सगळं. मी तोंड उघडलं. खरं सांगायला की खोटं, ते मला आजही माहीत नाही.

त्याआधी काका बोलले. इंग्रजीत, शांतपणे, ऑफिसात बोलावं तसं. "तिने हाक मारली. तीनदा मारली. आमच्या भाषेत मारली, म्हणून यांना समजली नसेल. मी ऐकली आणि थांबलो नाही. मला पक्षी हवा होता. चूक माझी."

"काय म्हणाली ती?" अधिकाऱ्याने विचारलं.

आणि मग तुझे बाबा त्या कॉटवर सरळ बसले, दुखरा हात पोटाशी धरला आणि दवाखाना दणाणून जाईल असे ओरडले, "थांबा! काका, थांबा! थांबा!"

नर्स धावत आली. पलीकडच्या खोलीत कुणीतरी काहीतरी पाडलं. मी जी हाक मारायला हवी होती, जितक्या मोठ्याने, जशी पोटातून, तशीच्या तशी. अधिकारी माझ्याकडे वळला. "असंच झालं?"

मी "येस" म्हणाले.

त्याने लिहिलं. पाहुण्याची चूक. लिंडर साहेबांनी काकांकडे असं बघितलं, जसं भुईमुगाची खवट शेंग चावल्यावर टरफलाकडे बघतात. ती रिकामी जागा त्या एका नजरेत गेली, ते मलाही कळलं, काकांनाही कळलं. काकांनी डोळे मिटून घेतले आणि मराठीत पुटपुटले, "आता कान दुखायला लागला बुवा."

घरी येताना बाबांनी गाडी नेहमीपेक्षा सावकाश चालवली. पिकअपच्या काचेवर गवताचं बी आपटत होतं. फाटकाशी इंजिन बंद करून त्यांनी विचारलं, "मारली होतीस?" मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वंदनेला उभे राहिलो. बाबांनी पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. आणि थांबले. माझी वेळ. मला शब्द येत होते, गेली दहा वर्षं रोज म्हणत होते. जिभेवर होते आणि जीभ हलत नव्हती. बाहेर पक्षी जाळीला घासत होते, तोच आवाज. बाबा वाट बघत राहिले, हात जोडलेले, डोळे मिटलेले, रागाने नव्हे. शेवटी आईने चौथंही म्हटलं आणि पाचवंही. त्या दिवसापासून चौथं शील आईकडे गेलं, ती जाईपर्यंत. मला ते कुणी परत दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

आमचे कागद दुसऱ्या वर्षी झाले. पुढच्या हंगामात डेलने मला कायमची गाइड केलं आणि मी चार वर्षं साहेब लोकांवर अशी ओरडले की मला 'सायरन' नाव पडलं. अजून ओरडते. रस्ता ओलांडताना कुणी मोबाइलमध्ये बघत असला की मी बाल्कनीतून ओरडते. नातवंडं म्हणतात, "आजी, सो एम्बॅरसिंग!" असू दे. मला शांत बसवत नाही कुणी पुढे पाऊल टाकलं की.

आणि काका? त्या ऑफिसात त्यांना वीस वर्षं काढायची होती, त्याच टेबलाशी. त्या नाताळच्या पार्टीत लोकांनी त्यांना पाठीवर गोल निशाण काढलेलं जॅकेट भेट दिलं, ते काकूंनी मला सांगितलं. काका ते घालून फोटोला उभे राहिले म्हणे, हसत. मग ते स्वतःच ती गोष्ट सांगायला लागले, स्वतःची नक्कल करत, म्हणजे दुसऱ्यांनी करायच्या आत. तुझ्या वाढदिवसाला, गणपतीला, पिकनिकला. आणि प्रत्येक वेळी, मी त्या खोलीत असले की, सांगता सांगता 'ही उजू घसा फोडून ओरडत होती हं!' हे वाक्य ते घालायचेच. माझ्याकडे न बघता. मला वाटायचं, आता सांगावं. मग मी चहा गरम करायला उठायचे. चाळीस वर्षांत तुझ्या घरी किती चहा गरम केला असेल मी!

शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेले. तू औषधं आणायला गेली होतीस. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी..." त्यांनी डोळे उघडले. "अगं, मला माहितीये की," म्हणाले. "मीच तर तिथे होतो." आणि मग जरा वेळाने, "मृणालला मात्र कधीतरी सांग. तिला वाटतं तिचा बाप वेंधळा."

एवढं बोलणं तू औषधं घेऊन परत यायच्या आत झालं. त्यालाही आता वर्ष होत आलं. मी तुला सांगितलं नाही, तेराव्याला तू उभी राहून सांगत होतीस तेव्हाही नाही. म्हणून हे लिहिते आहे, कारण फोनवर मी पुन्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेईन, स्वतःला ओळखते मी. तुझे बाबा वेंधळे नव्हते. मी दाखवलं तिथे ते गेले, आणि मी न केलेलं काम त्यांनी कॉटवर बसून पुरं केलं, तिघांच्या डोक्यावरचं छप्पर वाचवलं, आणि त्याचं हसं आयुष्यभर अंगावर घालून हिंडले.

आता तुला राग येईल. यायलाच हवा. पण तिकडे एकटी बसून रागावू नकोस. रस्ते बर्फाने बंद व्हायच्या आत ये, मुलांना घेऊन ये, नाहीतर एकटीच ये. मी विमानतळावर घ्यायला येते. गाडीत बसल्या बसल्या बोल मला काय बोलायचं ते, घरापर्यंत मी एक शब्दही बोलणार नाही. पण ये गं लवकर.